बेस ॲम्प घ्यायचाय? आधी शेजारी कोण ते सांगा

(भागाचं लेखी रूप. मधलं अडखळणं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग बेस गिटार वाजवणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्यांच्या फ्लॅटमध्ये किंवा हॉस्टेलच्या खोलीत असा एखादा प्राणी राहतो त्यांच्यासाठीही. विषय एकच. घरी रियाज करायला आणि रविवारी चार जणांत बसून जॅम करायला छोटा, उचलता येणारा ॲम्प कसा निवडायचा.

हा प्रश्न येतो तो कायम एकाच रूपात येतो. "दादा, वीस वॉट पुरेल का?" मी उलटा प्रश्न करतो: तुझ्या शेजारी बसून कोण वाजवणार आहे? समोरचा जरा गोंधळतो. पण वॉटचं उत्तर खरंच तिथे आहे, खोक्यावरच्या आकड्यात नाही.

आधी एक गंमत बघा. (इथे मी सगळ्यात जाड तार, म्हणजे ई, मोकळी छेडली.) फोनच्या स्पीकरवर ऐकत असाल तर आत्ता जे ऐकलंत त्यात खरा खालचा सूर जवळपास नव्हताच. ही तार सेकंदाला ४१ वेळा हलते, म्हणजे ४१ हर्ट्झ. फोनच्या नखाएवढ्या स्पीकरला ते झेपत नाही. तो फक्त वरचे हार्मोनिक्स ऐकवतो, तानपुऱ्यात मूळ सुराच्या वर तरंगताना ऐकू येतात ना, ते. त्यांच्यातल्या अंतरावरून मेंदूच हिशोब लावतो की मूळ सूर ४१ चा असणार. म्हणून फोनवर गाणं ऐकतानाही बेसलाइन कळते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता ॲम्पकडे या. साध्या गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झची. आपली त्याच्या बरोबर एक सप्तक खाली. आणि एक सप्तक खालचा सूर तेवढ्याच जोरात काढायचा असेल तर स्पीकरच्या कोनला चौपट पुढे-मागे जावं लागतं. दुप्पट नाही, चौपट. छोट्या कोनला तेवढी जागाच नसते. मग तो फडफडायला लागतो. ह्यावर उपाय दोन: कोनने लांब हलायचं, किंवा कोनच मोठा घ्यायचा. म्हणून बेस ॲम्पमध्ये इंचांना वॉटइतकीच किंमत आहे. ८ इंची स्पीकरपेक्षा १० इंचीचं क्षेत्रफळ साधारण दीडपट होतं. साडेसहा इंचीशी तुलना केली तर दुपटीच्याही वर जातं. दिसायला फरक वीतभरसुद्धा नाही.

वर आपले कानही खालच्या सुरांच्या बाबतीत जरा बहिरेच. फ्लेचर आणि मन्सन ह्या दोघांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. सूर जितका खालचा, तितका जास्त जोर लावला तरच तो बाकीच्यांइतका ऐकू येतो, आणि आवाज हळू असताना हा फरक अजून वाढतो. म्हणजे रात्री हळू आवाजात वाजवताना बेस गायब झाल्यासारखा वाटतो तो तुमचा भ्रम नाही.

वॉटचं काय? वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. २० चे ४० केले तर फरक कळतो, पण 'अरे वा' म्हणण्याइतका नाही. कानाला ढोबळमानाने दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात. आणि तो आकडा आरएमएस आहे का तेही बघा. घरात जुना टेपरेकॉर्डर असेल तर त्याच्यावर 'पीएमपीओ' म्हणून हजारो वॉट छापलेले असायचे, आठवतंय? ॲम्पच्या जाहिरातीतही 'पीक' असं काही लिहिलेलं दिसलं की तो आकडा विसरा, आरएमएस शोधा.

हे सगळं एवढं का सांगतोय? माझ्या एका मित्रामुळे. तो बेस शिकायला लागला आणि स्वस्त मिळतो म्हणून छोटासा गिटारचा प्रॅक्टिस ॲम्प घेऊन आमच्याबरोबर बसायला लागला. दोन अकूस्टिक गिटार, एक कहोन, आणि हा. ह्याचा आवाज कुणालाच ऐकू यायचा नाही, त्यालाही नाही. मग तो बेसचा नॉब पूर्ण फिरवायचा, ॲम्प पादल्यासारखा आवाज काढायचा, आणि हा तारा अजून जोरात ओढायचा. बोटांना फोड, मनगट दुखतंय, आणि ताल घसरतोय, कारण जोर लावून वाजवलं की हात उशिरा पोचतो. चार महिन्यांनी म्हणाला, मला नाही जमत रे, विकून टाकतो. त्याच आठवड्यात आम्ही तासावर भाड्याने मिळणाऱ्या रिहर्सल रूममध्ये गेलो. तिथल्या मोठ्या ॲम्पला त्याने बेस लावला आणि हळूच एक नोट वाजवली. पुढची पाच मिनिटं तो फक्त ती एकच नोट वाजवत होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा ताल नीट बसला. बोटं तीच होती. एवढा फरक पडतो, आणि बेस सोडणारे सगळे काही नावड म्हणून सोडत नाहीत.

तर, शेजारी कोण?

शेजारी कोणीच नाही, फक्त घरीच वाजवणार, भिंतीपलीकडे काका-काकू राहतात. मग खरं सांगू का, स्पीकरवर पैसे घालूच नका. हेडफोन घ्या. बरा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन ४१ हर्ट्झ जसा ऐकवतो तसा कुठलाही ८ इंची ॲम्प ऐकवत नाही, कारण त्याला खोली भरायची नसते, फक्त कान भरायचा असतो. लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस असेल तर झालंच. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर ठेवला की त्या बफरचा उशीर तीन मिलिसेकंदांच्या आतच राहतो. येण्या-जाण्याचा मिळून थोडा वाढतो, तरी बोटांना कळत नाही. लॅपटॉप उघडायचा कंटाळा असेल तर व्हॉक्सच्या ॲमप्लगसारखं बेसच्या जॅकमध्येच खोचायचं खेळणं मिळतं, त्याला हेडफोन लावायचा.

इथेच ब्लूटूथबद्दल सांगून टाकतो. ब्लूटूथ हेडफोनवर बेस वाजवायला जाऊ नका. साधारण शंभर-दोनशे मिलिसेकंद उशीर होतो. १२० च्या लयीत एक बीट ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे तिचा पाव भाग १२५. तुम्ही आत्ता तार छेडली आणि ती एक सोळांश उशिरा ऐकू आली, तर वाजवणार कसं? ॲम्पमध्येच ब्लूटूथ असेल आणि त्यावर फक्त फोनमधलं गाणं लावायचं असेल तर मात्र चालतं. गाणं उशिरा आलं तरी तुम्ही ऐकून त्याच्याबरोबरच वाजवता, आणि बेस वायरनेच आलेला असतो.

शेजारी दोन अकूस्टिक गिटार, कहोन, एखादा गाणारा. बहुतेक जण ह्यातच मोडतात. इथे माझं मत ठाम आहे: १० इंची स्पीकर, ४० वॉटच्या आसपास. फेंडरचा रंबल ४० हे सरळ उदाहरण. १० इंची आहे, वजन आठ किलोच्या आसपास, म्हणजे लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर एका हाताने जातो आणि स्कूटरवर पायाशी मावतो. त्याचाच धाकटा रंबल २५ किंवा ऑरेंजचा क्रश बेस २५, दोन्ही ८ इंची. घरी मस्त वाजतात, एका गिटारबरोबरही चालतात, पण कहोनवाला रंगात आला की दमतात. कहोनला कमी समजू नका, लाकडी खोकं आहे पण ते बरोब्बर आपल्याच पट्ट्यात वाजतं. अपवाद आहेत: फिल जोन्सचा डबल फोर फक्त दोन ४ इंची स्पीकरवर थक्क करतो, कारण त्याचे छोटे कोन लांब हलण्यासाठीच बनवलेत. त्याची किंमतही तशीच.

आणि आता ती सुरुवातीची गंमत कामाला येते. जॅममध्ये ऐकू येत नसेल तर बेसचा नॉब वाढवू नका, थोडा कमी करा. उलट लो-मिड वाढवा. कोनची ताकद ४१ हर्ट्झला पुरत नसेल तर ८२, १२३ नीट ऐकवा, खालचं मेंदू भरून काढतो. घरी एकट्याने ऐकताना हा टोन नाकातून बोलल्यासारखा वाटेल, पण चार जणांत तोच बसतो.

सेल किंवा बॅटरीवर चालणारे अगदी छोटे, रोलंडच्या मायक्रो क्यूब बेससारखे, ह्यांचं काम वेगळं. टेकडीवर, गच्चीत, एका उकुलेलेबरोबर. तिथे मजा येते. त्यांच्याकडून कहोनशी भांडण्याची अपेक्षा ठेवू नका.

शेजारी पूर्ण ड्रमकिट. छोटा ॲम्प नाही चालणार. मोकळ्या हाताने वाजवलेला ड्रमसेट शंभर डेसिबलच्या वर सहज जातो. इथे दोनशे-तीनशे वॉटच्या आणि मोठ्या स्पीकरच्या गोष्टी सुरू होतात, त्या आजच्या भागातल्या नाहीत.

फक्त एक पळवाट आहे, आणि त्यासाठीच मी लाइन आउटवर अडून बसतो. ॲम्पच्या मागे एक्सएलआर लाइन आउट असेल तर रिहर्सल रूममध्ये किंवा सोसायटीच्या गणपतीत आवाज मोठ्या साउंड सिस्टिममधून जातो, आणि छोटा ॲम्प फक्त तुमच्या पायाशी, तुम्हाला ऐकू यावं म्हणून. रंबल ४० ला आहे, २५ ला नाही. म्हणून मी ४० म्हणतो, जास्तीच्या पंधरा वॉटसाठी नाही. ही काही नवी कल्पना नाही. मोटाउनच्या जेम्स जेमरसनचा ॲम्पेग बी-१५ पोर्टाफ्लेक्स हा १९६० च्या सुमाराचा, २५-३० वॉटचा, १५ इंची एका स्पीकरचा ॲम्प. 'पोर्टा' म्हणजे पोर्टेबल, हा त्या काळचा उचलता येणारा ॲम्प बरं का, आजचा कोणीही तो जिन्यावरून न्यायला तयार होणार नाही. आणि स्टुडिओत त्याचा बेस बऱ्याचदा ॲम्पला वळसा घालून थेट कन्सोलमध्येच जायचा.

भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांबद्दल. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. ४५ म्हणजे जवळपास काहीच नाही. शिवाय खालचे सूर भिंतीतून सगळ्यात सहज जातात. काकूंना तुमची बेसलाइन नाही, फक्त 'धप धप' ऐकू येतं, आणि ते जास्त छळतं. ॲम्प खोलीच्या कोपऱ्यात ठेवू नका, तिथे बेस फुगतो. थेट फरशीवर ठेवण्याऐवजी जाड फोमवर किंवा गादीच्या तुकड्यावर ठेवा, खालच्या मजल्यावर जाणारी थरथर कमी होते. दहानंतर हेडफोन, ह्यात वाद नको.

अजून एक, खास आपल्याकडचं. अमेरिकेतला दादा-ताई सुट्टीत येताना ॲम्प आणतो म्हणाले की मागची पाटी वाचून दाखवायला सांगा. तिकडे १२० व्होल्ट, इथे २३०. पाटीवर फक्त १२० लिहिलं असेल तर इथल्या प्लगमध्ये तो थेट लावला की संपला. फिरवता येणारा स्विच असेल किंवा १०० ते २४० लिहिलं असेल तरच आणा. आणि तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची पिन 'घूं आवाज येतो' म्हणून कुणीही काढायला सांगितली तर त्याचं ऐकू नका. तारांना हात तुमचा लागतो.

दुकानात जाताना स्वतःचा बेस घेऊन जा. आधी काहीही न वाजवता व्हॉल्यूम वाढवा आणि खरखर ऐका. मग सगळे नॉब मधोमध ठेवून मोकळी ई वाजवा, हळूहळू आवाज वाढवा, कुठे फडफड सुरू होते ते बघा. तुमचा बेस पाच तारांचा असेल तर खालची बी ३१ हर्ट्झची असते, ती आधी वाजवा, बहुतेक छोटे ॲम्प तिथेच उघडे पडतात. मग लांब वायर लावून दहा फूट मागे उभे राहा, कारण पायाशी ऐकू येणारा बेस आणि समोरच्याला ऐकू येणारा बेस वेगळे असतात. दुकानातल्या मुलाला सांगा, एक अकूस्टिक घे आणि जोरात स्ट्रम कर. लाजू नका, तेही वाजवणारेच असतात, खूश होतात. हेडफोनच्या जॅकमध्ये स्वतःचा हेडफोन घालून बघा आणि तेव्हा स्पीकर बंद होतो ना ते तपासा. शेवटी हँडलने उचला आणि दुकानाच्या दारापर्यंत चालत जाऊन या. दारात पोचेपर्यंत हात बदलावासा वाटला तर हा ॲम्प रविवारी घरीच राहणार.

पुढच्या भागात तारा: फ्लॅटवाउंड की राउंडवाउंड. भेटू.