कल्हई शुद्ध कथलाची

मंडळी, पुण्यात आलात तर कसबा पेठेतली तांबट आळी जरूर बघा. पेशव्यांच्या काळापासून तिथे तांब्याची भांडी घडवतात. हातोडीचे ठोके लांबूनच ऐकू येतात. असे एखादे पातेले तुमच्याही घरी असेल.

बिनकल्हईच्या पातेल्यात आपण आमटी करत नाही. का बरे? ती कळकते. चिंच, ताक, लिंबू यांच्या आंबटपणाने तांबे अन्नात उतरते. मग पोटात मळमळते, उलट्या होतात. म्हणून वाडवडिलांनी कल्हई सुरू केली. भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, कथील लावायचे नि कापसाच्या बोळ्याने सगळीकडे फिरवायचे. भांडे आतून चांदीसारखे लखलखते. अन्न आणि तांबे यांच्यामध्ये कथलाचा पडदा येतो.

पण त्या पडद्यातच विष असले तर?

कथील महाग, शिसे स्वस्त. दोन्ही लवकर वितळतात. डाख देण्यासाठी तर दोन्ही मिसळूनच वापरत आले आहेत. तसले मिश्रण कुणी कल्हईला लावले, तर आंबट आमटीत शिसे उतरते. नुसते बघून ते ओळखता येत नाही, जेवतानाही कळत नाही.

तुम्ही म्हणाल, "एवढ्याशाने काय होतंय?" पण मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाच्या अंगात शिसे चार-पाच पट जास्त मुरते. ते हाडांत साठते. मेंदूची वाढ बिघडवते. पोर अभ्यासात मागे पडते, आपण त्याला 'ढ' म्हणून मोकळे होतो. दर वेळी कारण शिसेच असते असे नव्हे. पण शिशाने मेंदूचे झालेले नुकसान औषधाने भरून येत नाही.

भट्टीपाशी बसणाऱ्या कारागिराचाही विचार करू. शिशाची वाफ आणि धूळ त्याच्या छातीत जाते. कपड्यांवर बसून त्याच्या मुलाबाळांपर्यंत पोचते. तोंडाला फडके बांधून हे थांबत नाही. कल्हईतून शिसेच काढून टाकले, तर गिऱ्हाईक नि कारागीर दोघेही वाचतात. नवसागराचा धूर तरीही घशाला झोंबतो. म्हणून कल्हई उघड्यावर करावी, मुलांना लांब ठेवावे.

शिसे काढले म्हणून कामे अडत नाहीत. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे घालत. २००० सालापासून देशभर बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले. गाड्या थांबल्या का? घराच्या रंगांसाठीही १ नोव्हेंबर २०१७ पासून नियम लागू आहे. दहा लाख भाग रंगात शिसे ९० भागांपेक्षा जास्त नको. रंग घेताना डब्यावरचा मजकूर बघा. आता तुम्हाला वाचता येते, दुकानदाराच्या शब्दावर कशाला राहायचे? आणि दारा-खिडक्यांचा जुना रंग कोरडा खरवडू नका. त्याची धूळ मुलांच्या पोटात जाते.

आता आम्ही एवढेच मागतो. पुढच्या वेळी कल्हईवाला दारी आला की विचारा, "दादा, कथील शुद्ध आहे ना? शिसं नाही ना त्यात?" शुद्ध कथलाला चार पैसे जास्त पडले तर द्या. त्यालाही पोरेबाळे आहेत, हे त्याला समजावून सांगा. खात्री पटली नाही, तर आमटी आणि कढी स्टीलच्या पातेल्यात करा.