बोटीपेक्षा बेट मोठं

सिद्धगडाच्या पायथ्याशी राहणारी मी. लेकीने हौसेने मला मोठ्या बोटीतून लक्षद्वीपला नेलं. जाहिरातीत राजवाडा होता. प्रत्यक्षात खोलीला खिडकी नाही, जेवायला तासभर रांग, चहाचे पैसे वेगळे. मन खट्टू झालं.

पण वाटेत कोचीला खाडीवरची चिनी जाळी पाहिली. चार-पाच माणसं दोर ओढून एक जाळं उचलतात. पुढे बेटाजवळ पाणी उथळ, म्हणून लहान होडीतून उतरलो. तिथल्या जुन्या रीतीत घर आणि माड आईकडून लेकीकडे जातात, हे ऐकून मी गप्पच झाले.

घरी येऊन माहेरचा सातबारा काढला. वडील गेले, तरी वारसांत माझं नाव नव्हतं. २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकाइतकाच हक्क आहे. भाऊ आधी रुसला, मग समजला. तलाठ्याकडे अर्ज दिलाय.

आदिवासी बहिणींना हा कायदा सरसकट लागू नाही. त्यांनी तालुका विधी सेवा समितीत विचारावं. तिथे बायकांना मोफत सल्ला मिळतो.

पुढच्या बैठकीला सातबारा घेऊन या. आणि सहलीचे पैसे भरण्याआधी त्यात काय काय मिळणार, ते लेखी घ्या!