हाताचा रकाना

  हार-गजऱ्यापासून लग्नाच्या स्टेजपर्यंत फुलांचं काम करणारे आपण सगळे बाणगंगेच्या काठी, खंडेरावाच्या ओझरला जमलो आहोत. थेट कामाला लागते.

अध्यक्ष म्हणून वर्षाचा आढावा घ्या, असं मला सांगण्यात आलं होतं. मोगल काळात आपल्या नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. आज गुलाब जानोरी-मोहाडीच्या पॉलिहाऊसमधून येतात. महामार्गावर लॉन्स वाढली, तशी कामंही वाढली. ओअॅसिसचा हिरवा ठोकळा फुलं खोचायला आपण सगळे वापरतो. ते प्लास्टिकच आहे, मातीत कुजत नाही. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०२१ पासून तो आपल्या प्रदर्शनांतून बंद केला. त्यावर दुपारच्या सत्रात बोला. आढावा इथं संपला. कारण गेली चौदा वर्षं एक गोष्ट पोटात घेऊन फिरते आहे, आणि ती आज बोलले नाही तर कधीच बोलणार नाही.

आपल्याला फुलांचे पैसे मिळतात. हाताचे मिळत नाहीत.

आमचे हे इथल्या मिग विमानांच्या कारखान्यात फिटर होते. १९६४ साली तो कारखाना आला आणि या गावाला तासाचा हिशेब कळला. कुठलं काम, कुणी केलं, किती वेळ लागला, सगळं कागदावर. मी मात्र घरात सुई-दोरा घेऊन बसायची आणि गिऱ्हाईक म्हणेल त्या आकड्याला मान डोलवायची. २०११ च्या मे महिन्यात एका लग्नाचं काम घेतलं. स्टेज, कमान, नवरदेवाची गाडी आणि दोन वरमाला, मिळून १८,००० रुपये ठरले. त्या रात्री हे मदतीला आले, पण फुलांना हात न लावता खुर्चीवर वही घेऊन बसले. मी चिडले. सकाळी घरी आल्यावर त्यांनी वही पुढं केली.

फुलं ११,४०० रुपयांची. टेम्पो १,२००. तार, दोरा, ओअॅसिस ९००. उरले ४,५००. माणसं माझ्यासकट पाच, संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत चौदा तास, म्हणजे सत्तर तास. तासाला चौसष्ट रुपये पडले. दुपारी साडेबाराचा मुहूर्त होता आणि मांडव पत्र्याचा. अकरा वाजताच कमानीवरच्या गुलाबांनी माना टाकल्या. हळदीच्या फोटोसाठी कमान आदल्या रात्रीच लागेल, हा हट्ट लग्नघराचाच होता. तरी पैसे देताना दोन हजार कापले. मग तासाला राहिले छत्तीस रुपयेसुद्धा नाहीत. हे एवढंच म्हणाले, "रिव्हेट मारायचेसुद्धा तास लिहितात आमच्याकडे. तुझ्या बिलात तुझे तास कुठं आहेत?"

मी बिल काढून पाहिलं. गुलाब अमुक गड्ड्या, शेवंती तमुक किलो, जरबेरा, निशिगंध, टेम्पो. खरंच, मी त्या बिलात कुठंच नव्हते.

आपल्यातले दोन वाद गेले दोन दिवस ऐकते आहे. पहिला प्लास्टिकच्या फुलांचा. बंदी आली की आपले दिवस पालटतील, असं बरेच जण तावातावानं बोलले. बंदी यावी, मलाही ती हवी आहे. पॉलिहाऊसचं कर्ज काढून बसलेल्या शेतकऱ्यासाठी तर हवीच. पण आपले दिवस त्यानं पालटणार नाहीत. दसऱ्याला बघा. झेंडू कडाडला की गिऱ्हाईक म्हणतं, फूल महागलंय, तुमचं जरा कमी करा. दुपारनंतर तोच झेंडू कॅरेटच्या कॅरेट रस्त्याकडेला ओतलेला असतो. तेव्हा तेच गिऱ्हाईक म्हणतं, फूल तर मातीमोल झालं, मग एवढे कशाचे? फूल चढो की उतरो, कात्री आपल्याच हातावर चालते. प्लास्टिक गेलं तर फुलाचा भाव वाढेल, आणि मजुरी जोवर फुलाच्या पोटात लपलेली आहे तोवर वाढलेल्या भावाबरोबर तीच चेपली जाईल.

दुसरा वाद, कोर्स करून आलेली मुलं चांगली की हाताखाली शिकलेली? माझ्याकडे एक आजी होत्या. देवळात हार पुरवण्यात त्यांचा जन्म गेला. केळीच्या सोपाच्या ओल्या दोऱ्यात अशी गाठ मारायच्या की वरमाला ओढाताणीत तुटायची नाही. जरबेऱ्याला पाणी चार बोटंच ठेवायचं, नाहीतर देठ सडतो. गुलाबाचा देठ पाण्याखाली तिरपा कापायचा, नाहीतर हवा शिरून मान पडते. ओअॅसिस पाण्यात दाबायचं नाही, आपोआप बुडू द्यायचं. निम्मं मी त्यांच्याकडून शिकले, निम्मं नासाडीतून. पुढं मुंबईहून कोर्स करून एक मुलगी आली. तिची पहिली कमान पहाटे खचली आणि आजींनी ती परत बांधली. म्हणजे आजी जिंकल्या, असं तुम्ही म्हणाल. पण पुढच्याच महिन्यात त्या मुलीनं गिऱ्हाइकासमोर शांतपणे डिझाइनचे वेगळे पैसे सांगितले, आणि ते मिळाले! आजींनी चाळीस वर्षांत ते कधी मागितले नव्हते. मीही नाही. कोर्सनं तिला गाठ शिकवली नाही, मागायची जीभ दिली. मला दोन्ही हवं आहे, एकाच माणसात.

आणि हे मागणं नवं नाही. महात्मा फुल्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांकडे फुलांचं काम करता करता ते फुले झाले, आणि त्या कामापोटी त्यांना ३५ एकर जमीन इनाम मिळाली. फुलं दुसऱ्या दिवशी सुकली असतील, कसब मात्र जमिनीच्या मोलाचं ठरलं. तिकडे लंडनमध्ये कॉन्स्टन्स स्प्राय नावाच्या बाईनं १९५३ साली राणीच्या राज्याभिषेकाची फुलं सजवली. तिनं या कामाची शाळा चालवली, पुस्तकं लिहिली. आपल्याकडे अजूनही म्हणतात, "फुलवाल्या बाईला बोलवा."

एप्रिल २०२१ मध्ये कोरोनामुळे लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तासांचं बंधन आलं. त्याआधीच्या टाळेबंदीत फुलं बांधावर फेकलेली पाहून पोटात कालवलं होतं. त्या पंचवीस माणसांच्या दिवसांत एका घरानं फक्त दोन वरमाला आणि चौरंगाची सजावट मागितली. मी पहिल्यांदा बिलात दोन रकाने आखले, एकात फुलं, दुसऱ्यात सहा तास हातकाम. हात थरथरत होता. मुलीच्या वडिलांनी वाचलं आणि एक पैसाही न कापता दिले. हे तेव्हा नव्हते. त्यांची ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

तरुण मुली विचारतात, ताई, यात भवितव्य आहे का? खोटं सांगणार नाही. तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत रात्री जागायच्या, पुढं गणपती-नवरात्र, मध्ये पितृपक्षात हात रिकामे. माझ्याकडे वर्षाला शंभरेक रात्री काम असतं. मोठी हॉटेलं पगारावर माणसं ठेवतात, पण त्या जागा थोड्या. बाकीच्या बहुतेक जणी मांडववाल्याच्या हाताखाली असतात, आणि त्याला त्याचे पैसे मिळाल्यावरच तिला मिळतात. काम आहे, भरपूर आहे. माझ्याकडे आता रात्रीला आठशे रुपये आणि जेवण देते, पैसे सकाळी हातावर. ते कमी आहेत, हे मला कळतं. दुसरा रकाना सगळ्यांनी लावला तर मी ते वाढवू शकेन. एकटीनं लावला तर काम शेजारी जातं. दोनदा गेलंय.

पुढच्या कामांचं म्हणाल तर तासाचा किमान दर ठरवायला एक समिती नेमावी. मुक्त विद्यापीठ आपल्या नाशिकलाच आहे, त्यांच्याशी अभ्यासक्रमाचं बोलावं. कोण बोलेल ते दुपारी ठरवू. विम्याचंही बघायला हवं.

दाराजवळच्या टेबलावर मी शंभर बिलबुकं छापून ठेवली आहेत. डावीकडे फुलं, उजवीकडे हातकाम आणि तास. प्रत्येकानं एक न्यावं. पहिलं पान भरलं की त्याचा फोटो मला पाठवा, आकडा कितीही लहान असला तरी.