आपल्या गावाची छायाचित्रे कोठे शोधावीत?

(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांची मूळ गावे भीमाकाठची. १९८० मध्ये उजनीचे धरण पुरे झाले आणि ती जुनी गावे जलाशयाखाली गेली. नव्या गावठाणात जन्मलेल्या मुलांना आजोबांचे गाव दाखवावे कसे, हा प्रश्न घरोघरी आहे. त्यावर सुचलेला एक मार्ग येथे सांगावयाचा आहे.

मोबाइलमध्ये स्थाननोंद चालू असली, म्हणजे छायाचित्राबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. जुन्या चित्राचे स्थान आपणांस नकाशावर हाताने दाखविता येते. फ्लिकर या संकेतस्थळाने अशी चित्रे नकाशावर मांडण्याची सोय २००६ मध्ये केली. विकिमीडिया कॉमन्सवरही एखाद्या बिंदूपासून अमुक किलोमीटरांच्या आतील चित्रे मागता येतात. गावाच्या नावाने शोधावे, तर एकाच नावाची अनेक गावे पुढे येतात; स्थानावरून शोधल्यास तो घोटाळा टळतो.

आम्ही पळसदेवच्या परिसराचा असा शोध घेतला. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसनाथाचे प्राचीन मंदिर उघडे पडते. त्याची चित्रे मिळाली. भिगवणकडील रोहित पक्ष्यांची चित्रे तर विपुल. परंतु पाणी येण्यापूर्वीच्या गावाचे, तेथील वाड्यांचे, पाराचे एकही चित्र आमच्या हाती लागले नाही. आम्ही खिन्न झालो. मग ध्यानात आले की, दोष शोधाचा नव्हे. ज्यांनी चित्रे ठेवली ते प्रवासी व पक्षिप्रेमी होते. गाव ज्यांचे होते त्यांची चित्रे अद्याप ट्रंकेतच आहेत. जे कोणी ठेवलेच नाही, ते शोधणाऱ्यास मिळावे कसे?

म्हणून आमची नम्र विनंती अशी. घरातील जुनी छायाचित्रे बाहेर काढा. लग्नाच्या चित्रामागे वाड्याचा दरवाजा असेल, मुंजीच्या चित्रात अंगणातील विहीर असेल. वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून स्थळ, साल व माणसांची नावे लिहून घ्या. आजचा नकाशा तेथे केवळ पाणी दाखवितो. परंतु मंदिराची जागा निश्चित आहे. वाडा देवळाच्या कोणत्या अंगास आणि किती अंतरावर होता, हे वडील मंडळी अजून सांगू शकतात. जाणत्या वयात ते गाव पाहिलेल्यांनी आज साठी-सत्तरी ओलांडली आहे. हे काम पुढील वर्षावर ढकलण्याजोगे नाही.

तीन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. आकडे लिहिताना अक्षांश आधी, रेखांश नंतर. आपल्या भागाचा अक्षांश सुमारे १८ व रेखांश सुमारे ७५; यांची अदलाबदल झाली, तर आपला वाडा नॉर्वेच्या उत्तरेकडील थंडगार समुद्रात जाऊन पडेल! दुसरे, एकाच संकेतस्थळावर विसंबू नये. पॅनोरामिओ या नावाचे, स्थानानुसार चित्रे दाखविणारे लोकप्रिय संकेतस्थळ २००५ मध्ये निघाले आणि २०१६ मध्ये बंद झाले. म्हणून एक प्रत घरी आणि एक मंडळाच्या कार्यालयात असावी. तिसरे, बुडालेल्या वाड्याचे स्थान जगास सांगण्यास हरकत नाही. परंतु राहत्या घराचे आणि मुलाबाळांच्या चित्रांचे स्थान जाहीर करू नये. चित्रातील व्यक्ती हयात असल्यास त्यांची अनुमती अवश्य घ्यावी.

प्रत्येक कुटुंबाने पुढील संमेलनापर्यंत एक जरी चित्र असे योग्य स्थळी नेऊन ठेविले, तरी आपल्या नातवंडांनी त्या पाण्यावर बोट ठेवताच गाव वर येईल. मंदिर उन्हाळ्यात दिसते. आपली घरे बाराही महिने दिसावीत, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.