भाकरीवरून अर्थशास्त्र
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मी बँकेत कारकुनी करणारा माणूस. बी.ए.ला उत्पादनाचे चार घटक, म्हणजे भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजक, आम्ही परीक्षेपुरते पाठ केले. मुलांना तसे घोकायला लावू नये; ताटातली भाकरी पुढे ठेवून ते शिकवावे, असे माझे मत आहे.

ज्वारीचीच भाकरी घ्या. सोलापूर-मंगळवेढ्याकडे रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. काळ्या मातीने पावसाळ्यात धरून ठेवलेल्या ओलीवर हे पीक येते. ती माती, ती ओल ही भूमी. पेरणी, राखण, काढणी, मळणी हे श्रम. तिफण, बैल, बियाणे हे भांडवल. काय पेरायचे आणि केव्हा विकायचे हे ठरवून जोखीम घेणारा तो संयोजक. मुले कडबा विसरतात. पण तोच कडबा खाऊन बैल पुढच्या हंगामाला उभा राहतो, म्हणजे पिकातूनच भांडवल टिकते!

भांडवल म्हणजे पैसा, असेही मुले म्हणतात. मोठेही म्हणतात. बँकेत बसून सांगतो, पीककर्जाचे बियाणे-खत झाले तर ते भांडवल. लग्नात खर्चले तर नुसते देणे.

आता एक भाकरी मोडून वाटणी करायला सांगा. जमीनमालकाला खंड, मजुराला मजुरी, सावकाराला किंवा बँकेला व्याज आणि उरला तर संयोजकाला नफा. कोणाचा तुकडा केवढा, यावर मुले भांडतील. भांडू द्यावीत. शेवटी विचारावे, भाकरी थापणारीचा तुकडा कुठे आहे? ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. गरम पाण्याने मळून हलक्या हाताने थापावे लागते. हे कसबी काम आहे. खाणावळीत त्याला मजुरी मिळते आणि राष्ट्रीय उत्पन्नात ते मोजले जाते. घरात आई तेच करते, ते मोजले जात नाही. मुलींना हा प्रश्न लगेच कळतो, मुलांना जरा वेळ लागतो.

थोरल्या विद्यार्थ्यांनी आणखी पुढे जावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1918 साली भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरवू नका. त्यावर किती माणसे, किती अवजारे, किती भांडवल आहे ते पाहा, असे त्यांनी मांडले. जमिनीवर माणसांचा भार जास्त आणि भांडवल थोडे, हे दुखणे त्यांनी दाखवले आणि उद्योगीकरणाचा उपाय सांगितला. आपल्यापैकी कितीतरी घरे शेत सोडून गिरणीत, रेल्वेत, कचेरीत का आली, त्याचा काही उलगडा इथे होतो. काही म्हणतो, कारण ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्यांच्यापाशी चारपैकी एकच घटक होता, स्वतःचे दोन हात.

तेव्हा पुढच्या वर्गाला येताना मुलांनी घरी एवढे विचारून यावे. आजी-आजोबा, पणजोबा कोणाच्या शेतात राबत होते, मजुरी रोख मिळे की धान्यात? धान्यात मिळत असेल तर दिवसाला किती, आणि आजीला आजोबांइतकीच मिळे का? उत्तरे वहीत लिहून आणावीत. आपण ती फळ्यावर मांडू.