पाऊल टेकताना
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत रुग्णसेवा समितीच्या वतीने केलेले भाषण)



काल याच रंगमंचावर नाट्यसंगीताची मैफल रंगली आणि आज त्याच ठिकाणी आम्ही कर्करोगाच्या दुखण्याविषयी बोलणार आहोत. महोत्सवाच्या मांडवात हा विषय कशाला, असे दोघातिघा सभासदांनी आम्हांला मोकळेपणाने विचारलेही. त्यांना आमचे उत्तर असे की, ज्या पिढीने पन्नास वर्षांपूर्वी रेल्वेत, बँकेत, कापडगिरणीत नोकरीस लागून माळव्यातील या गावी मंडळाची स्थापना केली, ती आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. कर्करोगावरील उपचार सुधारले, रुग्ण पूर्वीपेक्षा अधिक वर्षे जगू लागले, ही आनंदाची गोष्ट. पण त्यामुळेच मूळ आजारानंतर पाच, दहा, कधी पंधरा वर्षांनी तो हाडांत उतरल्याची उदाहरणे आपल्या घरांत दिसू लागली आहेत. आम्ही डॉक्टर नव्हे. रुग्णाबरोबर मुंबईच्या गाडीत बसणारी, रुग्णालयाच्या रांगेत उभी राहणारी, घरी येऊन न्हाणीघरात दांडी बसवून देणारी माणसे आहोत. आज जे सांगणार आहोत ते जाणत्या डॉक्टरांना विचारून, पडताळून घेतलेले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्तनाचा कर्करोग हाडात गेला म्हणजे तो ‘हाडाचा कर्करोग’ होत नाही. तो स्तनाचाच राहतो आणि त्यावर औषधेही मूळ रोगाचीच चालतात. स्तन, पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी, फुप्फुस, मूत्रपिंड आणि गळ्यातील थायरॉईड या पाच ठिकाणचे रोग हाडांकडे विशेष धाव घेतात. आपले हाड दिसते तसे निर्जीव नसते. त्यात जुना भाग झिजवणाऱ्या आणि नवा भाग रचणाऱ्या पेशींचे काम अखंड चाललेले असते. रोगाच्या पेशी रक्तावाटे तेथे पोहोचल्या की हा मेळ बिघडतो. कोठे हाड पोखरले जाते, तर कोठे, विशेषतः प्रोस्टेटच्या रोगात, भलतीकडेच नवे हाड साचते. दिसायला ते घट्ट, पण घडण वेडीवाकडी. वाळवी लागलेला वासा बाहेरून धडधाकट दिसतो आणि एके दिवशी माळ्यावर पाय देताच कडाडतो, तसे मांडीच्या हाडाचे होऊ शकते.

दुखणे दोन प्रकारचे असते. एक संथ, खोलवरचे, रात्री पडल्यावर वाढणारे. दुसरे, पाऊल टेकताच उठणारे आणि भार काढला की ओसरणारे. पहिल्याने झोप जाते म्हणून त्याची वाच्यता लवकर होते. दुसरे मात्र माणसे लपवतात. चालणे कमी करतात आणि ‘वय झाले’ म्हणतात. प्रत्यक्षात दुसरेच अधिक धोक्याचे. पोखरलेले हाड मोडण्यापूर्वी शस्त्रक्रिया करावी की नाही हे ठरवण्यासाठी मिरेल्स या तज्ज्ञाने १९८९ साली चार बाबींची गुणपद्धती मांडली, ती आजही वापरतात. हाडाची जागा, पोखरण कोणत्या जातीची, ती हाडाच्या जाडीच्या किती हिश्श्यात पसरली आहे, आणि दुखणे किती. प्रत्येकास १ ते ३ गुण. चालण्याउठण्याबरोबर वाढणाऱ्या दुखण्याला पूर्ण ३ गुण मिळतात. बेरीज ९ किंवा अधिक झाली तर हाड मोडण्याची वाट न पाहता आत धातूची सळई बसवावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. पहिल्या तीन बाबी चित्रावरून आणि तपासणीवरून कळतात. चौथी रुग्णाने तोंडाने सांगितल्याशिवाय कळत नाही. आमच्या आजच्या सगळ्या बोलण्याचा भर याच चौथ्या बाबीवर आहे.

आमच्या ओळखीतल्या एका आजींचे स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन होऊन अकरा वर्षे झाली होती. गुडघा दुखू लागला. संधिवात समजून तीन महिने तेल चोळणे चालले. गुडघ्याचे क्ष-किरण चित्रही काढले. त्यात वयोमानाची झीज दिसली, म्हणून सर्वजण निश्चिंत झाले. दिवाळीच्या फराळाच्या गडबडीत ओट्यापाशी उभ्या असताना त्या डबा घेण्यासाठी जागच्या जागी वळल्या आणि खुब्याजवळ हाड मोडले. पडल्यामुळे मोडले नाही. मोडल्यामुळे त्या पडल्या. खुब्यातील दुखणे गुडघ्यात जाणवू शकते, ही गोष्ट अस्थितज्ज्ञांच्या नित्य परिचयाची असली तरी घरोघर ठाऊक नसते. शिवाय हाडातील सुमारे ३० ते ५० टक्के खनिज गेल्याखेरीज साध्या चित्रात पोखरण नीट दिसत नाही. म्हणून पूर्वी कर्करोग होऊन गेलेल्या माणसाला पाय, खुबा वा पाठ नव्याने दुखू लागली आणि दोनतीन आठवड्यांत थांबली नाही, तर ‘मला अमुक साली कर्करोग झाला होता’ हे वाक्य डॉक्टरांपुढे पहिल्यांदा उच्चारावे. आपल्याकडे ते शेवटी, दारातून निघताना, आवाज उतरवून सांगितले जाते.

याउलट रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका सभासदांनी उजवे पाऊल टेकताना कळ येते म्हणून आठवड्यातच तक्रार केली. हाड मोडण्यापूर्वीच सळई बसली, पुढे त्या जागी किरणोपचारही झाले, आणि पुढच्या गणेशोत्सवात ते आरतीला काठीच्या आधाराने उभे होते. रोग दोघांचाही हाडातलाच होता.

येथे एक नाजूक गोष्ट बोलणे भाग आहे. आपल्या घरांत वडिलधाऱ्यांचे पाय चेपून देणे ही सेवा मानली जाते आणि सुनेच्या वा नातवाच्या हातची ती सेवा नाकारणे आजोबांच्या जिवावर येते. परंतु ज्या हाडात रोग आहे त्यावर जोराने चेपणे, रगडणे, मालीशवाल्याकडून ओढून घेणे किंवा हाडवैद्याकडून ‘बसवून’ घेणे, यांतले काहीही करू नये. हळुवार हात फिरवावा, तळपायाला तेल लावावे; दाब देऊ नये. आणि हे त्या नातवाला सांगायचे तर खरे कारण सांगावे लागते. तेथेच पुष्कळ घरे अडतात. रुग्णापासून रोगाचे नाव लपवण्याची चाल आपल्याकडे अजून आहे, आणि त्यामागील प्रेम आम्ही जाणतो. पण ज्याला आपले हाड कच्चे झाले आहे हेच ठाऊक नाही, तो उंच फळीवरून बॅग काढायला स्टुलावर चढणारच. चालणे टिकवायचे असेल तर लपवाछपवी फार महागात पडते, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

आता उपचार. शस्त्रक्रियेचा विषय आलाच आहे. हाडे बळकट ठेवणारी इंजेक्शने, झोलेड्रोनिक आम्ल किंवा डेनोसुमॅब, ठरावीक अंतराने देतात. ती सुरू करण्याआधी दात तपासून घ्यावेत, कारण या औषधांवर असताना दात काढल्यास जबड्याचे हाड क्वचित बरे होत नाही. याहून अधिक वेळ आम्ही किरणोपचारासाठी घेऊ.

१९४१ साली मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय उघडले, आणि आपल्याकडचे अनेक रुग्ण आजही अवंतिका एक्स्प्रेसने तिकडची वाट धरतात. पाय टेकवत नाही अशा माणसाने वरच्या बर्थखाली वाकून बसत रात्र काढायची, मग दोन आठवडे धर्मशाळेत राहून दहा वेळा किरणे घ्यायची, या कल्पनेनेच कित्येक जण उपचार नको म्हणतात. त्यांनी हे ऐकून ठेवावे: हाडाच्या साध्या, गुंतागुंत नसलेल्या दुखण्यासाठी ८ ग्रे मात्रेची एकच किरणबैठक वेदना कमी करण्याच्या बाबतीत दहा बैठकींच्या तोडीची ठरते, हे अनेक देशांतील तुलनात्मक चाचण्यांनी दाखवून दिले आहे. एका बैठकीनंतर पुढेमागे पुन्हा किरणे घेण्याची वेळ थोडी अधिक वेळा येते, इतकाच फरक. सर्वांना एक बैठक चालत नाही. शस्त्रक्रियेनंतर किंवा मज्जारज्जूवर दाब असताना निर्णय वेगळा असू शकतो. पण ‘आम्ही बाहेरगावचे आहोत, एका बैठकीत होण्याजोगे आहे का?’ हा प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. किरणे घेतल्यावर पहिले एकदोन दिवस दुखणे वाढू शकते, त्याने घाबरू नये. उतार पडायला एकदोन आठवडे आणि पूर्ण गुण यायला चारसहा आठवडेही लागतात. तोवर वेदनाशामके थांबवायची नसतात.

वेदनाशामकांत मॉर्फिनचे नाव निघाले की घरात शांतता पसरते. आपण माळव्यात राहतो. मंदसौर-नीमचकडच्या शेतांतील पांढरी फुले आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. सरकारी परवान्याने पिकवलेली ती अफू नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते आणि तिच्यापासूनच मॉर्फिन काढतात. पण १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर परवान्यांचा एवढा गुंता झाला की रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले, आणि अफूच्या शेजारी राहणारा रुग्ण कण्हत राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी पायरीपायरीने औषधे चढवण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा वरच्या पायरीवरील हे औषध आपल्याकडे जवळजवळ दिसेनासे होत होते. त्याच वर्षी मुंबईत शांती आवेदना सदन सुरू झाले. १९९३ साली कोळिकोड येथे डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी वेदनाशमनाचे केंद्र उभारले, आणि पुढे केरळात गल्लोगल्लीच्या स्वयंसेवकांनी ते काम आपले मानले. आमच्या समितीला त्यांचाच आदर्श आहे. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणे सुलभ झाले. तरीही ते प्रत्येक गावी मिळत नाही. वेदनाशमन विभाग असलेल्या रुग्णालयातच चौकशी करावी लागते.

या औषधाने माणूस व्यसनी होईल, अशी भीती घरच्यांना वाटते. कर्करोगाच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्यास तसे क्वचितच घडते. ‘आता शेवट आला’ असाही त्याचा अर्थ नाही. कित्येक रुग्ण ते घेत महिनोन्‌महिने हिंडतेफिरते असतात. मात्र त्याने बद्धकोष्ठ जवळपास नेमाने होतो, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून जोडीला हवे. गोळी घड्याळाप्रमाणे घ्यावी, दुखणे असह्य होण्याची वाट पाहत बसू नये. आणि ज्यांना फक्त हालचालीच्या वेळी कळ येते त्यांनी डॉक्टरांना विचारून लवकर गुण देणारी एक मात्रा आंघोळीच्या वा फिरण्याच्या अर्धा तास आधी घ्यावी. एवढ्या एका युक्तीने रोजची आंघोळ पुन्हा सुरू झालेली घरे आम्ही पाहिली आहेत.

हाडावर भार द्यायचा की नाही हे चित्र पाहून डॉक्टरच ठरवतील; त्यांनी मनाई केली असेल तर चाकाची खुर्ची वापरण्यात कमीपणा मानू नये. चालण्यास मुभा असेल तर काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. हे ऐकून बहुतेकांना नवल वाटते, कारण नाटकातले म्हातारे ती दुखऱ्या बाजूलाच धरतात. काठी दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकावी. हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या सुरकुतीशी मूठ यावी, इतकीच तिची उंची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. वळताना पाऊल रोवून अंग पिळू नये, लहान लहान पावले टाकीत वळावे. पिळाचा जोर पोखरलेल्या हाडाला सर्वांत वाईट. पंगतीत वा पूजेला पाटावर बसण्याचा आग्रह सोडावा लागतो. एका काकूंनी देवघरच टेबलावर चढवून घेतले आणि पूजा चालू राहिली. ओले न्हाणीघर, दारातील पायपुसणे, रात्रीचा अंधार यांचा बंदोबस्त घरच्यांनी करावा. दुसरे टोकही टाळावे: भीतीपोटी माणसाला अंथरुणात घालून ठेवले तर स्नायू झपाट्याने उतरतात, पाठीला जखमा होतात, पायांत रक्ताच्या गुठळ्या धरतात.

एका प्रसंगी मात्र उद्यावर टाकू नये. पाठीत नवी किंवा वाढती कळ, छातीपोटाभोवती पट्टा आवळल्याची भावना, पाय जड वा लुळे पडणे, बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी अडणे किंवा नकळत होणे, यांपैकी काही दिसले तर मणक्यातील गाठ मज्जारज्जूवर दाब देत असण्याचा संभव असतो. त्याच दिवशी, रात्र असली तर रात्री, मोठ्या रुग्णालयात न्यावे; शक्यतो सपाट झोपवून, अंग न पिळता. उपचार सुरू होताना जो चालत असतो तो बहुधा चालता राहतो. ज्याचे पाय पूर्ण गेले आहेत त्याचे परत येणे कठीण. फार तहान, सुस्ती आणि असंबद्ध बोलणे एकदम सुरू झाल्यासही रक्तातील कॅल्शियम त्वरित तपासून घ्यावे.

शेवटी समितीची एक सूचना. वाचनालयामागील खोलीत आपल्याकडे सध्या तीन वॉकर, दोन चाकाच्या खुर्च्या, एक कमोडची खुर्ची आणि सहा काठ्या आहेत. सभासद असो वा नसो, कोणीही न्याव्यात. अनामत रक्कम नाही. किल्ली ग्रंथपालांकडे असते. रविवारी सकाळी आमच्यापैकी कोणीतरी काठीची उंची लावून देण्यासाठी तेथे बसतो. वॉकर नेताना आणि परत करताना त्याच्या पायांची रबरे तेवढी पाहावीत आणि झिजलेली असल्यास आम्हांला सांगावे. ओल्या फरशीवर झिजलेले रबर घसरते. नवी रबरे आम्ही आणून ठेवलेली आहेत.