खेळातून तर्क : पाटाच्या दारापासून संगणकापर्यंत



तिरुवैयारु या नावातच पाच पवित्र नद्यांचा उल्लेख आहे. तंजावर जिल्ह्यातील हे गाव संत त्यागराजांमुळे सर्वदूर परिचित असले, तरी कावेरीकाठच्या मुलांना आणखी एक गोष्ट लहानपणापासून ठाऊक असते. ती म्हणजे शेतातील पाट व त्यांवरील दारे. एकाच पाटावर ओळीने दोन दारे असतील, तर दोन्ही उघडल्याशिवाय पाणी पुढे सरकत नाही. दोन स्वतंत्र पाट एकाच शेतात उतरत असतील, तर एक दार उघडले तरी पुरते. संगणकातील ‘आणि’ व ‘किंवा’ ही तर्कद्वारे हेच कार्य विजेच्या संकेतांवर करतात. ‘नाही’ हे तिसरे द्वार संकेत उलटा करते.

हा विषय खेळातून शिकविण्याचा उल्लेखनीय प्रयत्न १९८२ मध्ये अमेरिकेत झाला. वॉरन रॉबिनेट व लेस्ली ग्रिम यांच्या ‘रॉकीज बूट्स’ या संगणक-खेळात पडद्यावर एकामागून एक आकृत्या येतात आणि त्यांतील ठरावीक आकृत्यांनाच बुटाची लाथ बसावी अशी जोडणी करावयाची असते. रंग ओळखणारा व आकार ओळखणारा असे दोन संवेदक ‘आणि’ द्वाराला जोडले, की दोन्ही अटी पूर्ण करणारी आकृतीच उडते. तारेतील संकेत रंगाने दिसत असल्याने चूक मुलाला स्वतःच सापडते. आज ‘जीकाँप्री’ या विनामूल्य शैक्षणिक संचातही तर्कद्वारांची जोडणी करता येते.

मनोरंजन व ज्ञान यांची सांगड तंजावरला नवी नाही. सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात जगाचा भूगोल गीतांतून मांडला. नाट्यप्रकार तमिळ भूमीतला, भाषा राजघराण्याची आणि ज्ञान नवे, असा तो मेळ होता. शैक्षणिक खेळ रचणाऱ्यांनी हाच धडा घेणे अगत्याचे आहे. सूचना परक्या भाषेत असतील, तर मूल कळा दाबण्यास शिकेल, विचार करण्यास नव्हे.

साहित्य मोजके असलेल्या शाळेत सुटे भाग जळण्याच्या भीतीने ते कपाटातच राहते. पडद्यावरील चुकीला मात्र खर्च येत नाही. तथापि खेळानंतर विद्युतघट, दोन बटणे व एक दिवा मुलांच्या हाती दिलाच पाहिजे. आपण जोडलेला दिवा लागल्यावरच पडद्यावरचा तर्क त्यांचा स्वतःचा होईल.